मीटर कमी आहे, हीच तर काळजी

वाचकाचं पत्र :

"2001ची पोर्शे बॉक्स्टर एस बघून आलोय. मॅन्युअल गिअर, मीटर फक्त 48 हजार किलोमीटर. मालक म्हणतो, 'गाडी कायम गॅरेजमध्येच असायची, जिवापाड जपलीये.' रंग झकास आहे, टायरची नक्षीसुद्धा शाबूत. सर्व्हिसिंगची फाइल आहे, पण 2012 ते 2018 मधला एकही कागद तिच्यात नाही. मी पोहोचलो तेव्हा त्याने गाडी सुरू करूनच ठेवली होती. आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. क्लच थोडा जड वाटला, बाकी खटकण्यासारखं काही नाही. बायको म्हणते, 'या वयात हे काय नवीन?' माझं वय 46. घेऊ का? आणि घ्यायची झाली तर नेमकं काय काय बघू?
— अजून शहाणा न झालेला"

प्रिय अ. शहाणे (तुमची सही लांबलचक आहे, म्हणून आखूड केली. रागावू नका),

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तीन ठिकाणी लाल रेघ मारली. मीटर कमी, टायरची नक्षी शाबूत, गाडी आधीच सुरू करून ठेवलेली. या तिन्ही गोष्टी तुम्ही गाडीच्या बाजूने लिहिल्या आहेत आणि मला नेमकी त्यांचीच धास्ती वाटते. याउलट ज्या जड क्लचबद्दल तुम्ही कुरकुर केली आहे, तो वाचून मला बरं वाटलं. का ते पुढे येईलच.

आधी मीटर. 48 हजार म्हणजे वर्षाला जेमतेम दोन हजार, असा हिशेब तुम्ही मनात केला असणार. पण गाड्या अशा सरासरीने चालत नाहीत. नव्याची नवलाई असते तेव्हा पहिल्या सहा-सात वर्षांत चाळीस हजार होतात, मग घरात मूल येतं, कामाचा व्याप वाढतो आणि गाडीवर कव्हर चढतं ते चढतंच. तुमच्याच पत्रात सहा वर्षांचं भगदाड आहे. त्या सहा वर्षांत गाडी काय करत होती, हा मालकाला विचारायचा पहिला प्रश्न. "उभी होती" हे उत्तर आलं तर लगेच दुसरा : कशी उभी होती? टाकीत पेट्रोल तसंच होतं का? बॅटरी काढली होती का? महिन्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून बंद करत होते का? शेवटच्या प्रश्नाला मालक अभिमानाने "हो" म्हणेल. त्याने गाडीचं आणखी नुकसान केलंय हे त्याला ठाऊक नसतं. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत साचलेली पाण्याची वाफ उडून जायच्या आत इंजिन बंद होतं आणि ते पाणी ऑइलमध्येच मुरतं.

उभ्या गाडीत काय काय होतं, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. माझी पहिली जुनी दोन-सीटर अशीच "जपलेली" होती. घेतली, पंधरा दिवस मिरवली, आणि पुढच्या तीन आठवड्यांत क्लचचा खालचा सिलिंडर, पेट्रोल पंप, एक ब्रेक कॅलिपर आणि रेडिएटरचा पाइप ओळीने गेले. मेकॅनिकने तो पाइप काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "दाबून बघा." दाबला तर वाळक्या काटकीसारखा मोडला. बाहेरून मात्र काळाभोर, कुणीतरी मन लावून पॉलिश केलेला. तेव्हापासून कमी मीटरची जुनी गाडी दिसली की मी आधी रबर शोधतो. पाइप, बुशिंग, दारांची रबरं, ब्रेकच्या नळ्या. नख रुतलं पाहिजे आणि रबर परत फुगून जागेवर आलं पाहिजे. बारीक भेगांची जाळी दिसली की समजायचं, मीटर थांबलं होतं पण वय वाढत होतं.

आता तुमच्या गाडीचं सगळ्यात मोठं प्रकरण. या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये आणि तिच्या बरोबरीच्या, पोर्शेच्याच 911 मॉडेलच्या 996 पिढीतल्या साध्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, त्याला फिरवतो आणि तो चेनच्या मदतीने व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवतो. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका बंद बॉल-बेअरिंगवर टेकलेलं असतं. याला सगळे 'आयएमएस बेअरिंग' म्हणतात (आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, हाच तो मधला शाफ्ट). त्या बेअरिंगचं सील वर्षानुवर्षांत कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि त्याच्या जागी शिरलेलं ऑइल आतच अडकून खराब होतं. बेअरिंग फुटलं की चेनचं टायमिंग हुकतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जवळपास भंगारात जातं. बहुतेक गाड्यांत हे कधीच घडत नाही, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. पण घडलं तर खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून दुर्लक्षही करता येत नाही.

यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांच्या दुहेरी ओळीचं होतं, नंतर एकेरी ओळीचं आलं, आणि एकेरी जास्त नाजूक निघालं. 2001ची गाडी नेमकी त्या बदलाच्या उंबरठ्यावर आहे. तिच्यात दोन्हींपैकी कोणतंही असू शकतं आणि उघडून पाहिल्याशिवाय कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर तो अंदाज मारतोय. दुसरं, जे लोक ही इंजिनं रोज उघडतात त्यांचा अनुभव असा की नियमित पळवलेल्या, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाड्यांपेक्षा उभ्या राहिलेल्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो. म्हणजे तुमची 48 हजारवाली गाडी दीड लाख किलोमीटर पळालेल्या, जाडजूड फाइल असलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित आहे असं अजिबात नाही. मला दोन्ही समोर ठेवून निवडायला सांगितलं तर मी दीड लाखवालीच्या किल्ल्या उचलीन.

मालकाला सरळ विचारा, "आयएमएस बदललंय का?" तो "बदललंय" म्हणाला तर बिल मागा. बिलावर तारीख हवी, त्या वेळचं मीटर हवं, बेअरिंग कोणतं टाकलं ते हवं. तोंडी बदललेलं बेअरिंग गाडीत नसतं.

बिल नसेल तर फिल्टर उघडायचा. हे काम मी कुणालाही डोळे झाकून सुचवतो, कारण त्याइतकी स्वस्त आणि खरी साक्ष दुसरी नाही. मालकाला म्हणायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचा खर्च माझा, फक्त जुना फिल्टर मला द्या. बॉक्स्टरचा फिल्टर खालून एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला असतो, आत घड्या घातलेला कागद असतो. तो कागद कापून वेगळा करायचा, ऑइल निथळू द्यायचं आणि पांढऱ्या फडक्यावर त्या घड्या एकेक करून उलगडायच्या. टॉर्च तिरका धरा. काहीही नाही, नुसतं काळपट ऑइल : उत्तम. प्लास्टिकचे तपकिरी किंवा काळे कण : चेन ज्या पट्ट्यांवरून घासत जाते त्या झिजताहेत, मेकॅनिकशी बोला. चमचम दिसली तर लोहचुंबक एका पातळ पिशवीत घालून वरून फिरवा. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम, त्याचं कारण शोधावं लागेल. चिकटलं, आणि तेही टोकदार चमकत्या कपच्यांसारखं, तर पोलाद आहे. मालकाचे आभार माना आणि निघा. डब्याच्या तळाशी राहिलेलं ऑइलही फडक्यावर ओतून बघा. जड कण तिथे बसलेले असतात.

आणि हो, जड क्लच. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरला, क्लच आणि त्यामागचं फ्लायव्हील (जड चाक) निघालं की समोरच ते बेअरिंग आणि त्याच्या शेजारी क्रँकशाफ्टचं मागचं सील दिसतं. तेही या गाड्यांत पाझरण्यासाठी प्रसिद्ध आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ओलसर डाग दिसतो तो त्याचाच. तीन कामांची मजुरी एकदाच. म्हणून क्लच संपत आलेली गाडी मला आवडते : तो खर्च मालकाच्या तोंडावर किमतीतून वजा करता येतो, आणि काम झाल्यावर बेअरिंगची टांगती तलवारही उतरते. क्लच नवाकोरा आणि बेअरिंग मात्र जुनंच, अशी गाडी मिळाली तर मालकाने दारापर्यंत जाऊन घंटी न वाजवताच परत यावं तसं झालं.

मीटर खरं आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. विचारायला हवा होता. या गाडीचा इंजिन-कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं हे लक्षात ठेवतो. पोर्शे समजणारं स्कॅनर लावलं की आकडा दिसतो. साध्या, कुठल्याही गाडीला लागणाऱ्या छोट्या यंत्रावर दिसत नाही. किलोमीटरला तासांनी भागा. 48 हजार किलोमीटर आणि 1100 तास म्हणजे ताशी सरासरी 44. अगदी माणसासारखी चालवलेली गाडी. तेच 2800 तास निघाले तर सरासरी ताशी 17. दोन आसनांची पोर्शे आयुष्यभर ताशी 17ने कुणी चालवत नाही. मग एकतर ती अखंड ट्रॅफिकमध्ये घुरघुरत राहिली, नाहीतर मीटर कुणीतरी मागे नेलं. दोन्ही उत्तरं आपल्या उपयोगाची नाहीत.

त्याच स्कॅनरवर आणखी एक गंमत बघायला मिळते. मॅन्युअल गाडीत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची नोंद दोन गटांत असते, आणि ते शेवटचं कितव्या तासाला घडलं हेही. पहिल्या गटातले आकडे म्हणजे कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून लाल रेषेपर्यंत नेलं. ते चालतं, स्पोर्ट्स कार आहे. दुसरा गट वेगळा. पाचव्यातून चौथा टाकायला गेला आणि दुसरा पडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे कॉम्प्युटर पेट्रोल बंद करूनही काही उपयोग नसतो. दुसऱ्या गटात शेवटची नोंद तिसाव्या तासाची असेल आणि आता तास हजारावर असतील, तर जे व्हायचं नव्हतं ते झालं नाही, सोडून द्या. ताजी नोंद असेल तर मी ती गाडी घेणार नाही.

एवढं यंत्र मिळालंच नाही तरी साधं यंत्र एक काम करतं. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात. "काल बॅटरी काढली होती हो" असं उत्तर येईल. असेलही. मग शंभरेक किलोमीटर चालवा, आम्ही पुन्हा येतो, असं सांगा.

आता ती आधीच सुरू करून ठेवलेली गाडी. मालक वाईटच असेल असं नाही, पाहुण्यांसाठी दिवे लावून ठेवतात तसंही असेल. पण गरम इंजिन पुष्कळ गोष्टी पोटात घालतं. पुढच्या भेटीच्या आदल्या रात्री फोन करून सांगा, उद्या मी आल्याशिवाय किल्ली फिरवू नका. गेल्या गेल्या सायलेन्सरच्या तोंडाला हात लावा. गार हवं. मग मालकाला सुरू करायला सांगा आणि स्वतः मागे उभे राहा. इथे एक इशारा. ही बॉक्सर रचनेची इंजिनं आडवी असतात, सिलिंडर झोपलेले. रात्रभरात थोडं ऑइल पिस्टनजवळ उतरतं आणि सकाळी पहिल्याच क्षणी धुराचा एक झोत बाहेर येतो. तो बघून दचकू नका. मिनिटाभरात हवा स्वच्छ झाली पाहिजे. पांढऱ्या धुराचे ढगच्या ढग येत राहिले तर ऑइल आणि वाफ वेगळी करणारा भाग गेलाय, किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय. निळसर धूर चालूच राहिला तर ऑइल जळतंय. सुरुवातीची दोन-तीन सेकंदं खडखड, मग शांत : बऱ्याच दिवसांनी सुरू झाल्याचं लक्षण. गरम झाल्यावरही खडखड कायम राहिली तर मेकॅनिकचा कान हवा.

बॉक्स्टरमध्ये एक गैरसोय आहे, किंवा विक्रेत्याच्या दृष्टीने सोय : इंजिन दिसतच नाही. पुढचं झाकण उघडलं की डिकी, मागचं उघडलं की आणखी एक डिकी. इंजिन सीटच्या मागे, झाकणांखाली दडलेलं. त्यामुळे बोनेट वर करून, आत बघून, काहीही न कळता मान डोलवायची जी आपली जुनी पद्धत आहे ती इथे चालत नाही. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं मिळतील. ऑइलच्या झाकणाखाली फिकट, लोण्यासारखा थर असेल तर पाणी मिसळतंय. थोडासा असेल तर गाडी जवळच्या फेऱ्यांपुरतीच वापरली गेली असेल, भरपूर असेल तर विषय गंभीर. त्याच डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा. कूलंटच्या टाकीला तडे जाणं हे या गाडीचं नेहमीचं दुखणं आहे आणि मालक गालिच्याचा डाग कधीच धूत नाहीत.

पाण्याची दुसरी वाट छताकडून येते. कापडी छत जिथे दुमडतं तिथे दोन्ही बाजूंना पाणी जाण्याची भोकं आहेत. पानं अडकून ती तुंबली की पाणी सीटखाली साचतं. आणि नेमकं एका सीटखाली, पार जमिनीवर, किल्ली ओळखणारं आणि अलार्म सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट बसवलेलं आहे. कुणी तिथे ते बसवलं असेल त्याच्याशी मला एकदा बोलायचंय. सीट मागे सरकवा, गालिच्यावर टिश्यू पेपर दाबून धरा. ओला झाला, किंवा दार उघडताच कुबट वास आला, तर पुढच्या सगळ्या विजेच्या तक्रारी तिथूनच सुरू होणार. छत पूर्ण उघडून पूर्ण मिटवा, दोनदा. बारा-एक सेकंदांत व्हायला हवं. 2001च्या गाडीत मागची खिडकी प्लास्टिकची असते, काचेची 2003च्या मॉडेलपासून आली. घडीवर पांढरी चीर पडली आहे का ते बघा.

पुढे बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारा. रेडिएटर तिथे आहेत. कुजलेल्या पानांचा गच्च लगदा दिसला तर मागे दडलेलं ॲल्युमिनियम सडायला लागलेलं असतं. आणि ज्या माणसाने दहा वर्षांत तिथली पानं काढली नाहीत त्याने बाकी काय केलं असेल, हेही कळतं.

टायर. नक्षी शाबूत आहे, कारण टायर फिरलेच नाहीत. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '2314' म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. आकडे चारही टायरवर आत-बाहेर शोधा, कधी ते आतल्या बाजूला येतात आणि झोपून बघावे लागतात. दहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही सुंदर असली तरी फेकायचा. रबर दगड झालेलं असतं, आणि अशा टायरवर ओल्या रस्त्यावर मधल्या इंजिनाची गाडी घसरून गरकन फिरली की ती सरळ करणं कुणाच्याही हातात नसतं. नव्या चार टायरची किंमत आधी विचारून ठेवा, बोलणी करताना लागेल.

ब्रेकचं थोडक्यात. एसच्या डिस्कना भोकं असतात, भोकापासून भोकापर्यंत चीर गेली असेल तर डिस्क संपली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. फाइलमध्ये त्या बदलाच्या तारखा शोधा. इंजिन ऑइल सगळेच बदलतात, ब्रेक ऑइल बदलणारा मालक खरोखर काळजी घेणारा.

रंगाबद्दल तुम्ही 'झकास' लिहिलंय. पंचवीस वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीचा रंग झकास असेल तर तो कधी दिला, हे विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने किंवा उसनं मिळतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एका दारावर 120 आणि शेजारच्या पत्र्यावर 300 आलं तर तिथे पुन्हा रंग झालाय. हजाराच्या घरात गेलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे ठोकर बसलेली आहे. या गाडीचा पत्रा झिंकचा मुलामा दिलेला असतो, सहसा गंजत नाही. म्हणूनच कुठे गंज दिसला तर तो जुन्या अपघाताची खूण समजायचा. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागदी स्टिकर असतं, त्यावर चेसिस नंबर आणि गाडी कारखान्यातून कोणत्या सोयींसह निघाली त्यांचे कोड छापलेले असतात. ते स्टिकर नसेल तर झाकण बदललेलं असू शकतं, आणि झाकण उगाच कुणी बदलत नाही. नंबर काचेखालच्या नंबरशी आणि कागदपत्रांशी अक्षर न् अक्षर जुळवा. सतरा अक्षरं आहेत, मोठ्याने वाचा.

चालवून बघताना अर्धा तास तरी हवा, रेडिओ बंद. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. इंजिन गार असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळा दुसरा गिअर टाकून बघा, तिथे खर्र झालं तर गिअरबॉक्सचं काम निघणार. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना स्टिअरिंग हलकं धरा, गाडी कुठे ओढली जाते का बघा. खड्ड्यावरून टकटक आली तर सस्पेन्शनच्या दांड्या. त्याला घाबरू नका, या वयात त्या बदलायच्याच असतात. उतरल्यावर गाडी दहा मिनिटं उभी करा, पुन्हा सुरू करा आणि खाली वाकून काही ठिबकतंय का ते बघा.

इतकं सगळं तुम्ही केलंत तरी शेवटी या मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून घ्याच. तो तुमचा हवा, मालकाच्या ओळखीचा नको. मालकाने नाही म्हटलं, वेळ नाही म्हटलं, "दुसरं गिऱ्हाईक उद्याच येतंय" म्हटलं, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या.

पैशांचं एकच सांगतो. गाडीची किंमत नवी असतानाच्या मानाने उतरली, सुट्या भागांची नाही उतरली. बेअरिंग सापडो न सापडो, खरेदीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर आणखी वर्षभर थांबा.

ही गाडी हातची गेली तर दुसरी शोधाल, म्हणून माझे ठोकताळे देऊन ठेवतो. प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारचं दुखणं वेगळं. पोर्शे 944मध्ये टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. मझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-5मध्ये तोच बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात थांबते एवढंच, इंजिन वाचतं. पण तिचा पत्रा मागच्या चाकांपुढे, दारांखालच्या पट्टीत आतून सडतो, तिथे बोटाने दाबून बघायचं. दोन लिटर इंजिनाची होंडा एस2000 नऊ हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला नऊ हजार फेरे) फिरते, तिथे चुकीचा गिअर पडलेला असेल तर व्हॉल्व्हच्या वरचे भाग तडकतात. बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3मध्ये मागचा ॲक्सल जिथे बॉडीला बांधला आहे तिथल्या पत्र्याला तडे जातात, खालून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाहीत. आरएक्स-8चं रोटरी इंजिन ऑइल पिणारच, तशीच त्याची रचना आहे. ते कडक तापवून बंद करायचं, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायचं. स्टार्टर बराच वेळ फिरवत बसावं लागलं तर कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलेलं. त्याचं मोजमापही साध्या गेजने होत नाही, रोटरीचं खास यंत्र लागतं. आणि फेरारी एफ355चा विचार मनात आला, तर तिचा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवतात, एवढं सांगून गप्प बसतो.

राहिला वहिनींचा प्रश्न. वयाचं सोडा. 46 हे वय गुडघे टेकून टायरचे आकडे वाचता येण्याइतकं तरुण आहे, आणि ती खाली बसलेली गाडी आहे, तिच्यातून उठताना वयाचं काय ते आपोआप कळेलच. पण पुढच्या भेटीला वहिनींना नक्की न्या. तुमच्या अंगावर आवाज ऐकूनच काटा येतो, म्हणजे तपासणीला तुम्ही एकटे नालायक आहात. तिथे त्या गाडीच्या प्रेमात न पडलेलं एक माणूस लागतं. चेसिस नंबर तुम्ही मोठ्याने वाचा, कागदावर त्यांना जुळवू द्या. फिल्टरच्या घड्या उलगडताना टॉर्च त्यांच्या हातात असू द्या. काय चमकलं, काय नाही, ते मला कळवा. फोटो पाठवणार असाल तर फडकं पांढरंच घ्या, मागच्या वेळी एका वाचकाने फुलाफुलांच्या टॉवेलवर फिल्टर ठेवून फोटो पाठवला होता आणि कण कुठला नि फूल कुठलं, हे ठरवण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.